बरणी राहिली, वही गेली

दांडियाबाजार

तुमच्यापैकी कुणी १९९५च्या आधी गुजरातेत एमबीबीएस केलं असेल तर एक विनंती आहे. सेकंड एमबीबीएसचं पॅथॉलॉजीचं जर्नल अजून माळ्यावर असेल तर काढून बघाल का? त्यात कॉलेजच्या म्युझियममधल्या स्पेसिमेनची, म्हणजे बरणीत जपलेल्या रोगट अवयवांची, लाल-निळ्या पेन्सिलीने काढलेली चित्रं असतील. एखाद्या चित्राच्या कोपऱ्यात ६१/२१४ असा आकडा असेल आणि खाली पेशंटची दोन-तीन ओळींची हकिगत. मला तो आकडा आणि त्या ओळी हव्या आहेत.

कशासाठी, ते सांगते. जरा लांबण लागेल.

मी ३१ वर्षं एका सरकारी कॉलेजच्या पॅथॉलॉजीत होते, त्यातली १८ वर्षं म्युझियम माझ्याकडे होतं. कॉलेजचं नाव लिहीत नाही. आता निवृत्त होऊन वडोदऱ्यात माहेरच्या वाड्यात राहते. आमच्या बरण्यांवर फक्त आकडा असायचा. आधी साल, मग त्या सालातला अनुक्रम. बाकी सगळं वहीत. जाड पुठ्ठ्याच्या, लाल कापडाचा कणा असलेल्या चार आडव्या वह्या होत्या. वय, बाई की पुरुष, गाव, धंदा, किती दिवसांचं दुखणं, वॉर्डात काय निदान केलं होतं, पोस्टमॉर्टेमला प्रत्यक्षात काय निघालं, ब्लॉक नंबर (ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला अवयवाचा तुकडा, त्यातून स्लाइड काढतात). पहिल्या दोन वह्या टाकाच्या अक्षरात.

जुनी इमारत सोडली तेव्हा बरण्या आम्ही गोधड्यांत गुंडाळून हातगाडीवरून नेल्या. एकही फुटली नाही. वह्या मात्र ऑफिसच्या कपाटात होत्या, आणि ते कपाट जुन्या हजेरीपुस्तकांसकट पस्तीत, म्हणजे रद्दीत गेलं. मला कळेपर्यंत आठ दिवस उलटले होते. पस्तीवाल्याच्या वखारीत जाऊन दोन तास गठ्ठे उपसले. माल कधीच कागदाच्या गिरणीकडे रवाना झाला होता. मुद्दाम कुणीच केलं नाही. बरणी सांभाळायची असते हे शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना कळत होतं. वहीचं तसं नव्हतं.

माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मॉड ॲबट यांच्यापुढे असंच काही वाढून ठेवलं होतं. १८९८ साली त्या तिथल्या मेडिकल म्युझियममध्ये असिस्टंट क्युरेटर म्हणून लागल्या. याच मॅकगिलने त्यांना बाई म्हणून मेडिकलचा प्रवेश नाकारला होता. त्या बिशप्स कॉलेजातून १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि मग त्याच विद्यापीठाच्या बरण्या पुसायला आल्या. नामवंत डॉक्टर विल्यम ऑस्लर तिथे १८७४ ते १८८४ शिकवायला होते. त्यांनी स्वतः केलेल्या पोस्टमॉर्टेमचे नमुने त्या ढिगात होते. त्याच ढिगात त्याहून जुनं एक हृदय असं होतं की ज्याला खालचा कप्पा दोनाऐवजी एकच. त्याची नोंद सापडेना. ॲबट यांनी ऑस्लरना पत्र टाकलं. त्यांना ते हृदय आठवत होतं. माँट्रियलचेच डॉक्टर अँड्र्यू होम्स यांनी १८२४ मध्ये त्याच्यावर लेख लिहिला होता. त्या एका धाग्यावरून बाई जन्मजात हृदयदोषांकडे वळल्या त्या कायमच्या. १९३६ मध्ये त्यांचा ॲटलास आला, त्यात हजार केसेस. पुढे मुलांच्या हृदयाच्या डॉक्टर हेलन टॉसिग यांनी त्याच पायावर काम केलं आणि १९४४ मध्ये बाल्टिमोरला निळ्या पडणाऱ्या बाळांचं पहिलं ऑपरेशन झालं.

हृदय सत्तर-पंचाहत्तर वर्षं तिथेच पडून होतं. कागद हाताला लागला तेव्हा ते बोलायला लागलं.

दुसरं उदाहरण बर्लिनचं. शारिते हॉस्पिटलात रुडॉल्फ फिरखो यांनी १८९९ मध्ये पॅथॉलॉजीचं म्युझियम उघडलं, वीस हजारांहून जास्त नमुने. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडले आणि त्यातले दोन हजारही धड राहिले नाहीत. तरी त्या इमारतीतल्या जुन्या संग्रहात १९१२ सालचं एका फुप्फुसाचं स्पेसिमेन टिकलं. दोन वर्षांची मुलगी, गोवर, त्यातून न्यूमोनिया. त्या फॉर्मॅलिनमधल्या तुकड्यातून गोवराच्या विषाणूचा जवळजवळ सगळा जीनोम वाचता आला, तो २०२०च्या 'सायन्स'मध्ये छापून आला. त्याच्याशी ताडून पाहिल्यावर असं दिसलं की गुरांच्या बुळकांडीच्या विषाणूपासून गोवर वेगळा झाला तो बहुधा इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुमारास. आधी समजत होते त्यापेक्षा हजाराहून जास्त वर्षं मागे. आता मला सांगा, त्या फुप्फुसाजवळ १९१२ हा आकडा आणि गोवर हा शब्द नसता, तर त्या शास्त्रज्ञांनी ती बरणी उघडली असती का?

म्हणून जर्नलं मागते आहे. वायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारतील म्हणून मुलं हकिगत उतरवून घ्यायची. आमच्या वह्यांच्या तेवढ्याच नकला आता जगात उरल्या आहेत.

वैद्यकाच्या_वाटेवर

मॅडम, मी सध्या थर्ड इयरला आहे. खरं सांगायचं तर आमच्यासाठी म्युझियम म्हणजे परीक्षेतले स्पॉटर्स. तीस सेकंदांत बरणी बघायची, उत्तर लिहायचं, पुढे सरकायचं. चांगले फोटो मोबाइलवर मिळतात, त्यात रंगही नीट असतात. बरणीतलं सगळं तपकिरी झालेलं दिसतं. मग जुनं कशाला जपायचं, हे मनापासून विचारते आहे, उद्धटपणा समजू नका.

दांडियाबाजार

उद्धटपणा कसला गं, याच प्रश्नासाठी मी वर्षानुवर्षं मुलांना म्युझियममध्ये उभं करत आले.

तपकिरी का होतं ते आधी. रक्तातलं हिमोग्लोबिन फॉर्मॅलिनमध्ये बदलतं आणि लाल रंग मरतो. फॉर्मॅलिनने ऊती टिकतात हे फर्डिनांड ब्लूम यांनी १८९३ मध्ये दाखवलं, आणि तीनेक वर्षांत कार्ल कायझरलिंग यांनी रंग परत आणायची रीत काढली. आधी फॉर्मॅलिन आणि पोटॅशियमच्या क्षारांत ठेवायचं. मग थोडा वेळ ८० टक्के अल्कोहोलमध्ये, तिथे रंग डोळ्यांदेखत वर येतो. अल्कोहोलमध्ये जास्त वेळ राहिलं तर आलेला रंग जातो, म्हणून तिथून हलायचं नाही. शेवटी ग्लिसरीन आणि ॲसिटेटच्या पाण्यात कायमचं. बुरशी धरू नये म्हणून आम्ही त्यात थायमॉलचे खडे टाकायचो. थायमॉल म्हणजे ओव्याचं सत्त्वच. नवी बरणी सील करताना खोलीभर ओव्याचा वास यायचा, बाळंतिणीच्या खोलीसारखा. आमचे टेक्निशियन काका पर्स्पेक्सचा (काचेसारख्या प्लॅस्टिकचा) चुरा क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून त्याचा डिंक करायचे आणि झाकण चिकटवायचे. काही वर्षांनी पाणी उतरलं की झाकणाला बारीक भोक पाडून सुईने पाणी भरायचं, शेवटचा बुडबुडा निघाला की भोकात पर्स्पेक्सची काडी बसवायची. हे काम येणारं माणूस आता आमच्याकडे नाही.

आता फोटोचं. आतड्यातला टायफॉइडचा व्रण लांबीच्या दिशेने असतो, क्षयाचा आडवा, कमरपट्ट्यासारखा आतड्याला वेढणारा. हे पुस्तकात वाचून पाठ होतं. पण बरणी हातात घेऊन उजेडाकडे तिरकी धरली की टायफॉइडच्या व्रणाचा तळ इतका पातळ झालेला दिसतो की पलीकडचा उजेड आत येतो. आतडं फुटून माणूस कसा जातो ते तेव्हा कळतं. फोटोला मागची बाजू नसते.

शिवाय हे रोग या टोकाला गेलेले तुला वॉर्डात सहसा दिसणार नाहीत, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. सिफिलिसने फुगलेली, आतून झाडाच्या सालीसारखी झालेली महाधमनी मी स्वतः पोस्टमॉर्टेमला फक्त दोनदा पाहिली. आता तर वॉर्डात गेलेल्या पेशंटचं निव्वळ निदानासाठी पोस्टमॉर्टेम करणं जवळजवळ बंद झालंय, होतात ती पोलीस केसची. म्हणजे या बरण्यांत नवी भर पडणं थांबलं. आहे ते शेवटचं.

आणि एक गंमत. अमायलॉइड नावाचं प्रथिन साचलेली प्लीहा कापली की कापावर भिजवलेल्या साबुदाण्यासारखे अर्धपारदर्शक दाणे दिसतात. इंग्रजी पुस्तकातही तिला साबुदाण्याचंच नाव आहे, पण परदेशी मुलांना साबुदाणा म्हणजे काय तेच समजावून सांगावं लागतं. आपल्याकडे दर एकादशीला भिजत घातलेला असतो.

रावपुरा_१९५५

वाचतो आहे. माझं जर्नल नाही, मी कॉमर्सचा. पण लहानपणी कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये वडील दर सुट्टीला न्यायचे. महीच्या मुखाशी वाहून आलेल्या व्हेलचा सांगाडा आणि ती इजिप्तची ममी. ममीपाशी वडील चप्पल काढायचे. माणूस आहे, म्हणायचे. धागा वाचताना तेच आठवलं.

सुरसागरकाठ

ताई, तुम्ही आकड्याचं उदाहरण म्हणून ६१/२१४ लिहिलंत. ती बरणी खरी आहे का? असेल तर त्यात काय आहे?

दांडियाबाजार

खरी आहे. लहान मुलाचं यकृत. का विचारलंत?

सुरसागरकाठ

माझा धाकटा भाऊ १९६१ मध्ये गेला. दीड वर्षाचा होता. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो, कारण आजोबांचं नाव ठेवलं होतं आणि आई ते नाव उच्चारायची नाही. वडील रेल्वेत होते, तेव्हा आम्ही वडोदऱ्यात नव्हतो. बाळाचं लिव्हर वाढलंय एवढंच मला आठवतं. पोट टरटरून फुगलेलं, हातपाय काड्या, आणि सारखा किरकिरायचा. सरकारी दवाखान्यात नेला तो परत आला नाही. मी सात वर्षांची होते. आई पुढे चाळीस वर्षं जगली पण हा विषय घरात निघाला नाही.

हा आजार काय होता? आणि ती बरणी त्याची असू शकते का?

दांडियाबाजार

बाई गं. लिहिण्याआधी तुम्हाला फोन करायला हवा होता असं वाटतंय, पण तुम्ही इथे विचारलंत तर इथेच सांगते.

६१/२१४ मध्ये जे आहे त्याला इंडियन चाइल्डहूड सिर्‍होसिस म्हणत. यकृत दगडासारखं घट्ट, खालची कड पानासारखी धारदार. सहा महिने ते चार-पाच वर्षांची मुलं, बऱ्याचदा खाऊनपिऊन सुखी घरातली, एकाच घरात दोन-दोन भावंडं. त्यामुळे लोक शापापर्यंत जायचे. आम्ही विद्यार्थी होतो तेव्हा कारण माहीत नव्हतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलात आनंद पंडित आणि शीला भावे यांनी इंग्लंडच्या स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर याचा छडा लावला, १९८३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आणि पुढे १९८७ मध्ये त्यांनी ते मांडलं. कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात दूध तापवून तसंच ठेवायचं, ते वरचं दूध बाळाला लवकर सुरू करायचं. तांबं दुधातल्या प्रथिनाला चिकटून पोटात जातं आणि यकृतात साठत राहतं. एरवी यकृतात ग्रॅममागे पन्नासेक मायक्रोग्रॅम तांबं, या मुलांत ८००च्याही वर, कित्येकदा हजारांत. ब्लॉकमधून नवी स्लाइड काढून ऑर्सीन या रंगाने रंगवली की तांब्याबरोबरचं प्रथिन गडद तपकिरी कणांसारखं दिसतं. ६१/२१४ची स्लाइड मी रंगवली आहे. कण कसे, अख्खं शेत पेरल्यासारखे.

घरोघरी स्टील आलं, आयांना सांगितलं गेलं, आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला.

ती बरणी अण्णांची आहे का, याला माझ्याकडे उत्तर नाही. हो म्हणता येत नाही, नाही म्हणता येत नाही. त्या काळी ही मुलं दर महिन्याला येत. वहीत एक ओळ होती. वय, मुलगा की मुलगी, गाव. ती असती तर एका मिनिटात सांगितलं असतं.

सुरसागरकाठ

आमच्याकडे पितळेचं पातेलं होतं. आजीच्या लग्नातलं. कल्हईवाला वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी यायचा.

आईला कुणी विचारलं होतं का हो? काढून घेण्याआधी?

निजामपुरा_अप्पा

मी वकील. हा प्रश्न विचारायलाच हवा होता, ताईंनी विचारला म्हणून बोलतो. जगातले हे बहुतेक जुने संग्रह न विचारता जमलेले आहेत, आणि जास्त करून गरिबांच्या देहांतून, कारण सरकारी दवाखान्यात तेच यायचे. लंडनच्या हंटेरियन म्युझियममध्ये चार्ल्स बर्न या उंच माणसाचा सांगाडा दोनशे वर्षं उभा होता. आपल्याला समुद्रात पुरा, शवविच्छेदकांच्या हाती देऊ नका, असं त्याने मरण्याआधी सांगून ठेवलं होतं. जॉन हंटर यांनी पैसे मोजून तो मिळवला. २०२३ मध्ये म्युझियम पुन्हा उघडलं तेव्हा कुठे तो प्रदर्शनातून हलवला. लिव्हरपूलच्या आल्डर हे हॉस्पिटलात १९८८ ते १९९५ या काळात मुलांचे अवयव आईबापांना न सांगता ठेवून घेतले. २००१ मध्ये अहवाल आला, त्यातूनच तिकडे माणसाचे अवयव ठेवून घेण्याबाबतचा २००४चा कायदा झाला. लोकांनी पोटच्या पोरांचा दफनविधी दोन-दोन, तीन-तीनदा केला.

आपल्याकडे तर देह पुरा अग्नीला देण्याला अर्थ आहे. मला वाटतं ज्यांची ओळख पटत नाही अशा बरण्यांना सन्मानाने निरोप द्यावा. प्रदर्शन कशाचं करायचं?

दांडियाबाजार

अप्पा, तुमचं पहिलं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. सुरसागरताई, बहुतेक वेळा विचारत नसत. विचारलं तरी एका कागदावर अंगठा घेत, त्यात काय लिहिलंय ते त्या बाईला कळत नसे. मी नोकरीला लागले तेव्हाही हे असंच होतं आणि मला त्यात काही खटकलं नव्हतं. आता खटकतं.

निरोप द्यावा हे मात्र पटत नाही. न विचारता घेतलं ही एक चूक. त्यातून काही शिकायच्या आधी टाकून द्यायचं ही दुसरी होईल. पितळेच्या भांड्याचं कोडं सुटलं ते अशाच यकृतांच्या तुकड्यांत तांबं मोजल्यामुळे. १९१२च्या त्या बर्लिनच्या मुलीच्या आईबापांनाही कुणी शंभर वर्षांपुढचं विचारलं नसणार. पण तिच्या आजाराला आज कुणीतरी इतक्या बारकाईने वाचलं.

आणि नावाबद्दल. बाहेर फक्त आकडा, नाव-गाव वहीत, वही कुलपात, ही जुनी पद्धत मला आजही बरोबर वाटते. विद्यार्थ्याला नाव लागत नाही. पण उद्या कुणी बहीण विचारत आली तर उघडायला पान असलं पाहिजे. आमच्याकडून ते गेलं, आणि त्याची टोचणी मला आहे. सध्याच्या विभागप्रमुखांनी परवानगी दिली आहे, महिन्यातून दोनदा जाते, एकेक बरणी पुसून नवीन वहीत जे दिसतं ते लिहिते. वजन, माप, कसं कापलंय, कुणाच्या हातचे टाके. आमच्या टेक्निशियन काकांची गाठ मला ओळखू येते, ते पांढऱ्या दोऱ्याची दुहेरी गाठ मारायचे. त्यांच्या आधीचं जे कुणी होतं ते काळा रेशमी दोरा वापरायचं. एवढ्यावरून निदान दशक तरी ठरतं.

रावपुरा_१९५५

ताई, मी टायपिंगला मदत करू शकतो. मराठी, गुजराती, इंग्रजी तिन्ही. मोफत.

गोत्रीरोड

उशिरा आलो, माफ करा. मी १९७८च्या बॅचचा, तुमचं कॉलेज कोणतं असेल याचा अंदाज आला. जर्नल माझ्याकडे नव्हतं, पण बायको माझ्याच वर्गात होती आणि तिने काही म्हणून टाकलेलं नाही. काल रात्री दोघांनी बसून बघितलं. एकूण २३ चित्रं, आकडे फक्त ११ चित्रांवर. नीट लागले ते लिहितो, बाकीचे फोटो काढून पाठवतो.

५८/३१ : प्लीहा, मलेरिया. पुरुष, ४०, शेतमजूर. 'वजन ४ पौंड' असं लिहून शेजारी उद्गारचिन्ह.

६४/८८ : हृदय, मायट्रल झडप, माशाच्या तोंडासारखी. बाई, २२, तिसऱ्या बाळंतपणात.

६१/२१४ : यकृत. मुलगी, १४ महिने. दोन महिने ताप, पोट फुगलं, शेवटी कावीळ. थोरला भाऊ याच आजाराने गेला.

सुरसागरकाठ

मुलगी.

म्हणजे अण्णा नाही. काय वाटतंय ते मला सांगता येत नाहीये. रात्रभर मी त्या बरणीलाच अण्णा म्हणत होते. गोत्रीरोड, वहिनींना माझा नमस्कार सांगा. तिचं गाव लिहिलंय का हो?

गोत्रीरोड

नाही. बायको म्हणते, वायव्हाला गाव विचारत नसत, म्हणून कुणी उतरवून घ्यायचं नाही.

दांडियाबाजार

गुरुवारी जाऊन आले. नव्या वहीत लिहिलं : ६१/२१४, यकृत, मुलगी, १४ महिने, दोन महिन्यांचं दुखणं, थोरला भाऊ याच आजाराने गेला. माहिती कुठून मिळाली त्या रकान्यात 'विद्यार्थिनीचं जर्नल' असं लिहिलंय. गावाचा रकाना मोकळा ठेवलाय.

गोत्रीरोड, ६४/८८च्या चित्रामागच्या पानाचाही फोटो पाठवाल का? त्या बाईची हकिगत दोन पानांवर असायची, मला अंधूक आठवतंय. आणि १९७८च्या बॅचचे आणखी कुणी तुमच्या संपर्कात असतील तर त्यांच्या बायकांनाही विचारा.